बाईसाहेबांच्या चपला

आमच्या दाजींइतका घोड्याचा नाद असलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो घोड्यावरून पडून लवकर गेला असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार कोडोली. शेतात ऊस, गोठ्यात म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, असा चारचौघांसारखा संसार. नव्वद सालानंतर गावात ज्याला त्याला मोटारसायकलची हाव सुटली होती. अशा दिवसांत दाजी सीमेपलीकडच्या एका बाजाराला बैलजोडी आणायला म्हणून गेले आणि घोडी घेऊन आले. अक्काने दारातच विचारलं, बैलं कुठायत? दाजी म्हणाले, "बैलं बघितली की. पर ही माझ्याकडं बघत हुती." ह्या उत्तरावर पुढे कुणाला काही विचारता येत नाही, हे अक्काला लग्नानंतर लवकरच समजलं होतं. घोडी तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि जन्म सगळा कानडी मुलखात गेल्यामुळे मराठीचा तिला गंध नव्हता. चल म्हटलं तर थांबायची, थांब म्हटलं तर मान वळवून बघायची. घोडीला मराठी शिकवण्यापेक्षा आपण कानडी शिकावं असं दाजींनी ठरवलं. तशी त्यांच्या घरात कानडी बोलणारी एक जुनी आत्या होती, तिच्यापाशी बसून ते "बा" म्हणजे ये, "निल्लू" म्हणजे थांब, इथपासून सुरुवात करून थेट लाडीगोडीच्या भाषणापर्यंत पोचले. अक्काशी ते इतकं गोड कधी मराठीतही बोलले नव्हते, असं अक्काचं म्हणणं.

घोडीचं नाव त्यांनी बाईसाहेब ठेवलं, आणि तिच्याबद्दल ते कायम आदरार्थी बोलत. मला हे नाव माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो, एका कचेरीत नोकरीला होतो. एकदा दाजींचा कचेरीत फोन आला. आवाज पार खोल गेलेला. बाईसाहेब कालपासून उठेनात, तोंडात पाणी घेईनात, असाल तसे डॉक्टर घेऊन या, एवढंच बोलून फोन ठेवला. बाईसाहेब म्हणजे अक्काच, असं मी समजलो. आमच्या पेठेतल्या डॉक्टरांना भरल्या दवाखान्यातून उठवलं, स्कूटरवर मागे बसवलं आणि वाटेत एक शब्द न बोलता कोडोली गाठली. दारात अक्का तांदूळ निवडत बसलेली. मला बघून म्हणाली, आज रजा काय रे? मी वळून डॉक्टरांकडे बघितलं. तेवढ्यात दाजी बाहेर आले आणि डॉक्टरांचा हात धरून त्यांना गोठ्याकडे घेऊन गेले. डॉक्टर स्वभावाने इतके भले की एवढे आलोच आहोत तर म्हणून त्यांनी घोडीच्या पोटाला नळी लावली. त्या गार स्पर्शाने म्हणा की अपमानाने म्हणा, बाईसाहेब ताडकन उठून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून दाजींच्या लेखी जगात डॉक्टर एकच. पुढे कुणाला साधी सर्दी झाली तरी ते त्याला आमच्या पेठेत पाठवत आणि वर सांगत, घोडं उठवलंय त्यांनी, तुझं काय घेऊन बसलास.

दाजींची निजायची खोली आणि गोठा ह्यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीत त्यांनी एक खिडकी पाडली. वारा येतो हे सांगण्याचं कारण, आणि खरं कारण असं की निजल्या जागेवरून घोडीचं तोंड दिसावं. पहाटे अक्काला जाग यायची ती उशाशी कुणीतरी मोठ्याने फुरफुरल्यामुळे, आणि दरवेळी ते दाजीच असायचे असं नाही. ह्या खिडकीवरून दोघांचं जे भांडण जुंपलं ते वर्षानुवर्षं चाललं. माणसाने माणसात राहावं आणि जनावराने जनावरात, हा अक्काचा मुद्दा. दाजी त्यावर काही बोलत नसत, फक्त खिडकी बंद करत नसत. लग्नसराईत लोक वरातीसाठी घोडी मागायला यायचे, तर दाजी आधी नवऱ्यामुलाला समक्ष बोलावून घेत. त्याला उभा करत, बसवत, चालवत, वजनाचा अंदाज घेत. मुलीकडच्यांनी केली नसेल इतकी चौकशी करत. एका गुबगुबीत नवरदेवाला त्यांनी पाठीवर हात ठेवून फार मायेने सांगितलं होतं, "पोरगं गुणाचं हाय. पर ह्येच्यासाठी टेंपो बघा."

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग घोडीचे पुढचे दोन्ही खूर ठिसूळ व्हायला लागले. आधी बारीक चिरा गेल्या, मग कडेचे टवके निघू लागले. टांगे बंद झाल्यापासून कोल्हापुरात नालबंद औषधापुरते उरले होते. त्यातला एक म्हातारा दाजींनी शोधून आणला. त्याने खूर हातात घेऊन बघितला आणि खाली ठेवला. नाल ठोकायचा म्हणजे खिळा धरायला खूर पाहिजे, इथे खिळा मारला तर उरलेलंही फुटेल, असं तो म्हणाला. बिनानालाची घोडी खडीच्या रस्त्यावर एक पाऊल टाकायची आणि थरथरायची. हळूहळू ती उभी राहायचीच टाळू लागली. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर येऊन गेले. तेही सज्जन होते. त्यांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की घोडं म्हणजे म्हैस नव्हे, ते फार दिवस पडून राहिलं तर आतून संपत जातं. हिला दुखतंय. हिला मोकळं करण्याचा विचार करा. दाजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, इंग्लंडास्नं आल्यावर बघू.

हे इंग्लंड मध्येच आलं होतं. माझी भाची, दाजींची एकुलती एक लेक, लग्नानंतर इंग्लंडच्या उत्तरेला एका इस्पितळात नोकरीला होती. तिला बाळ झालं होतं आणि अक्काचा जीव तिकडे लागला होता. दाजींना यायचं नव्हतं, पण नातू बघायला येत नाही म्हणायला तोंड नव्हतं. कचेरीपुरतं इंग्रजी येतं म्हणून सोबतीला मी. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तिथे पोचल्यावर अक्का नातवात बुडून गेली. दाजी मात्र खिडकीपाशी बसून राहायचे. रोज सकाळी कोडोलीला चुलतभावाला फोन करायचे आणि एकच विचारायचे, "उभी हाय का?" तिकडून जे उत्तर येई ते ऐकून फोन ठेवायचे. काय म्हणाला, हे आम्ही विचारायचो नाही, चेहऱ्यावर दिसायचं. भाचीला वाईट वाटायचं. ती मला म्हणाली, मामा, बाबा मला भेटायला आलेत की फोन करायला? जावई गरीब स्वभावाचे. सासऱ्याचं मन रमावं म्हणून त्यांनी बरीच शोधाशोध केली आणि एका रविवारी आम्हाला सगळ्यांना गाडीत घालून रोमन लोकांच्या घोडदळाचा किल्ला बघायला नेलं.

पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला किल्ला दाखवायला न्यायचं म्हणजे धाडसच. गाडीतून उतरून दाजींनी समोर बघितलं. हिरवंगार कुरण, त्यात मेंढरं, आणि गवतातून वर आलेल्या गुडघाभर उंचीच्या भिंती. दाजी मला हळूच म्हणाले की जावईबापूंचं मन मोडायला नको, पण पडका गोठा बघायला एवढ्या लांब यायचं काही कारण नव्हतं. गंमत अशी की ते बोलले ते तंतोतंत खरं निघालं. तिथे माहिती सांगायला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्या आम्हाला एका लांबलचक इमारतीच्या पायापाशी घेऊन गेल्या. ओळीने खोल्या, आणि प्रत्येक खोलीचे दोन भाग. मागच्या भागात चूल पेटवल्याच्या खुणा. पुढच्या भागात जमिनीत कोरलेला लांबट खड्डा. हा खड्डा कसला हे खोदणाऱ्यांना आधी उमगलं नव्हतं, मग ध्यानात आलं की घोड्यांचं मूत वाहून जायला तो केलेला आहे. म्हणजे पुढे घोडी आणि मागे त्यांचे स्वार. तीन घोडी, तीन माणसं, मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक दार. सगळं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. भाची एकेक वाक्य मराठीत सांगत होती. दाजींनी सगळं दोनदा सांगायला लावलं. माणूस आणि घोडं एकाच छपराखाली? बाई म्हणाल्या, हो. दाजी वळून अक्काकडे बघायला लागले. त्या नजरेत खिडकीच्या भांडणाची सगळी वर्षं होती. अक्का शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या बायका नसणार हितं." भाचीने ते हसत हसत बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, खरंच आहे, त्या काळी साध्या शिपायाला लग्न करायची कायद्याने परवानगीच नव्हती. अक्का म्हणाली, "मग बरोबर हाय."

आम्ही सगळे हसत होतो आणि दाजी आमच्यात नव्हते. त्यांनी थंडीसाठी चढवलेले बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी त्या पुढच्या खोलीत गेले. खड्ड्याच्या कडेला बसले. दगडावर तळहात टेकला. वारा असा सुटला होता की उभं राहवत नव्हतं, लांबवर रोमन लोकांनी आपल्या सरहद्दीवर बांधलेली भिंत डोंगर चढत उतरत गेली होती, आणि आमचे दाजी, धोतरावर जावयाचा लोकरी कोट घातलेले, एका घोड्याच्या जागेवर बसले होते जे घोडं आपल्याकडचे बहुतेक राजेरजवाडे जन्मण्याआधी मरून गेलं होतं. आयुष्यभर हसण्यावारी नेलेला माणूस एखाद्या क्षणी आपल्याला फार मोठा दिसायला लागतो, तसं माझं झालं. मी जवळ गेलो. दाजी म्हणाले, "पावणं, रातचं घोडं खोकलं तर ऐकू याय पायजे म्हणून ही माणसं हितं निजायची. ही आपलीच माणसं की."

शेजारी संग्रहालय होतं. किल्ल्यात खणताना जे जे सापडलं ते काचेच्या कपाटांत मांडलेलं. शिपायांचे चामडी जोडे, कंगवे, भाल्यांची टोकं, घोड्याच्या तोंडात अडकवायची लगामाची कडियाळी. एका दगडावर दोन घोड्यांच्या मध्ये बसलेली बाई कोरलेली होती. ती घोड्यांची देवी आहे असं समजल्यावर दाजींनी चटकन हात जोडले, आणि मागे उभ्या असलेल्या एका गोऱ्या कुटुंबाने कुणास ठाऊक काय समजून माना लववल्या. दाजींनी पांढऱ्या केसांच्या बाईंना विचारलं, ह्या सगळ्यात रिकिबी कुठं दिसत नाहीत त्या? पाय अडकवायची रिकीब नसेल तर स्वार बसायचा कसा? बाई म्हणाल्या, रोमन लोकांना रिकीब माहीतच नव्हती, नुसत्या खोगिराच्या आधाराने बसायचे आणि लढायचे. दाजींनी कानाला हात लावला. आणि मग शेवटच्या कपाटापाशी ते थांबले.

आत लोखंडाची एक चमत्कारिक वस्तू होती. तळहाताएवढा लोखंडी तळवा, दोन्ही बाजूंनी वर वळलेले कान, पुढे एक कडी, मागे एक आकडा. गंज खाऊन काळीठिक्कर झालेली. बाईंनी सांगितलं की ही घोड्याची चप्पल. खिळे न मारता चामड्याच्या वादीने खुराला बांधायची. नक्की कशासाठी वापरत ह्याविषयी जाणकारांत वाद आहेत, पण खूर दुखावलेल्या घोड्यासाठी असावी असं पुष्कळांना वाटतं. भाचीने हे मराठीत सांगितलं आणि सांगता सांगताच ती दाजींकडे वळली, कारण रोज सकाळच्या फोनचा अर्थ तिलाही ठाऊक होता. दाजी काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांनी जावयाला त्या चपलेचे पुढून, मागून, वरून फोटो काढायला लावले. आपली वीत काचेवर ठेवून मापं घेतली. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तरी हलेनात. त्या रात्री पहिल्यांदा ते पोटभर जेवले, आणि नातवाला मांडीवर घेऊन कानडीत काहीतरी सांगत बसले.

कोडोलीला परत आलो तेव्हा घोडी आडवीच होती. दाजींनी प्रवासाचे कपडेही बदलले नाहीत. फोटो घेऊन ते आमच्या पेठेमागच्या लोहाराकडे आले. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा हा माणूस फोटो उलटासुलटा करून बघत राहिला. पण लोखंडाचं काम अडलं नाही. अडलं ते चामड्याचं. वाद्या मऊही पाहिजेत आणि तुटायलाही नकोत. म्हणून दाजी एका चपला करणाऱ्याकडे गेले. त्याने सवयीने विचारलं, माप काय? दाजींनी सांगितलेलं माप ऐकून तो म्हणाला, पाय समक्ष बघितल्याशिवाय मी चामड्याला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी दाजी बाईसाहेबांना गवताच्या बिछान्यावर टेंपोत घालून घेऊन आले. भर बाजारात चपलांच्या दुकानापुढे टेंपोचं फळकं उघडलं आणि बघता बघता गर्दी झाली. ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. कुणी म्हणालं गोंडे लावा, कुणी म्हणालं करकर वाजणारी करा. दुकानदार मात्र गंभीरपणे गुडघ्यावर बसला, खूर हातात घेऊन कागदावर त्याची रेघ ओढली, आणि वर बघून विचारलं, "डावा-उजवा असतोय का ह्यास्नी?" दाजी त्याहून गंभीरपणे म्हणाले, "असतोय. आपल्यागतच."

चपला तयार झाल्या आणि लगेच सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. पहिल्या दिवशी घोडीला कसंबसं उठवलं, चपला बांधल्या, लोखंड फरशीवर खणकलं, त्या आवाजाला ती बुजली आणि तिने पाय असा झाडला की एक चप्पल शेजाऱ्यांच्या कौलातून त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. दाजी चप्पल मागायला गेले तेव्हा शेजारी म्हणाले, आतापर्यंत तुमचा आवाज यायचा, आता वस्तूपण यायला लागल्या. मग वादी घासून घोडीच्या पायाला जखम झाली. तेव्हा अक्काने, जिने त्या जनावराचं कधी नाव घेतलं नव्हतं, घोंगडीचे तुकडे कापून दुहेरी शिवले आणि वाद्यांखाली घातले. शिवताना तोंडाने दाजींचा उद्धार चालूच होता. गुरांचे डॉक्टरही येऊन बघून गेले आणि म्हणाले, आठवडाभर बघा, नाहीतर मात्र तिचे हाल करू नका. तो आठवडा सरत आला. घोडी उभी राहायची, पण पाऊल टाकायची नाही.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. दाजी अंगणात उभे राहून "बा, बा" म्हणत होते. घसा बसला होता. घोडी थरथरत जागच्या जागी उभी. दाजींनी लगाम माझ्या हातात दिला आणि ते तोंड फिरवून उसाकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसले, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि मूठ उघडली. मुठीत गुळाचा खडा होता. ती अगदी हळू म्हणाली, "बा गं." घोडीने कान टवकारले. एक पाऊल टाकलं. खण्ण. मग दुसरं. लोखंड वाजत होतं आणि ती बुजत नव्हती. अंगण ओलांडून ती अक्कापर्यंत गेली आणि तिच्या तळहातावरचा गूळ अशा सरावाने उचलला की आम्ही दोघे बघत राहिलो. दाजींनी विचारलं, हे कधीपासून? अक्का म्हणाली, पहाटे तुम्ही घोरत असताना त्या खिडकीतून कुणी कुणाला काय द्यायचं ते तुम्हाला काय माहीत. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मातीखाली झाकून गेलेली एक युक्ती, ज्याने शोधली त्याचं नावगाव कुणाला ठाऊक नाही, आणि ती आज कोडोलीच्या अंगणात खणखणत चालली होती.

त्यानंतर बाईसाहेब काही वर्षं चालल्या. पळाल्या नाहीत, पाठीवर कुणाला घेतलं नाही, पण रोज संध्याकाळी दाजींच्या उजव्या हाताला राहून ओढ्यापर्यंत जाऊन यायच्या. लांबून खण्ण खण्ण ऐकू आलं की डेअरीवरची माणसं वाट सोडायची. रोमन लोकांविषयी दाजींचा आदर इतका वाढला की बिनारिकिबीचं बसणं स्वतः करून बघावं म्हणून त्यांनी एका पाहुण्याचं घोडं मागून घेतलं आणि उसाच्या फडात पडले. उठून ते म्हणाले, "ती माणसंच येगळी." मी एकदा त्यांना सांगितलं की आपल्या कोल्हापुरातही, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना रोमन वस्तू सापडल्या आहेत. दाजी दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलच्या संग्रहालयात हजर. तिथे समुद्राच्या देवाची काशाची छोटी मूर्ती आहे. घोड्याची चप्पल नाही. दाजींनी ती मूर्ती पुढून, मागून बघितली आणि म्हणाले की इथे आले ते व्यापारी असणार, जहाजातून आलेले. देव बरोबर आणला, घोडी घरी ठेवली. पायऱ्या उतरताना म्हणाले, घरी ठेवून आलेल्या माणसाला करमत नसणार.

एका थंडीत घोडी गेली. फार त्रास न होता गेली. शेताच्या बांधाला खड्डा घेतला. कुणीतरी म्हणालं, चपलांचं लोखंड चांगलं आहे, काढून घ्या. दाजींनी त्याला गप्प केलं आणि स्वतः वाकून वाद्या पुन्हा नीट आवळल्या. मी हसून म्हणालो, दाजी, हजार वर्षांनी कुणी इथे खणलं तर कोडोलीला रोमन घोडदळाची छावणी होती असं लिहून मोकळा होईल. दाजी हसले नाहीत. म्हणाले, "लिवू दे की. कुणाची हुती ते चुकंल त्याचं. पर हिच्या पायाकडं कुणाचं तरी ध्यान हुतं, एवढं तर कळंल."

आता दाजी थकलेत. मी कोडोलीला गेलो की संध्याकाळी त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत फिरायला जातो. ते रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात, अगदी सावकाश, मधूनच थांबत. मागच्या वेळी बोलता बोलता मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो. दाजींनी माझ्या दंडाला हलकेच धरलं आणि म्हणाले, "हिकडनं नको पावणं, तिकडनं या." मी मागून वळसा घातला आणि कडेच्या गवतातून चालायला लागलो.